बटणांचा फोन घ्यावा की काचेचा?

खडकी हे कष्टकऱ्यांचे गाव आहे. इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. तो १८६९ साली सुरू झाला. फौजेची ठाणी आहेत, रेल्वे आहे, मोठा बाजार आहे. सकाळ झाली की कोणी कारखान्यात जातो, कोणी भाजीची गाडी लावतो, कोणी चार घरची धुणीभांडी करते. बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आज फोन असतो.

पूर्वी फोन बोलण्यापुरता होता. आता त्यावर वाचावे लागते आणि लिहावेही लागते. शाळेचा निरोप फोनवर येतो. बँकेचा निरोप फोनवर येतो. मुलगा परगावी असला, तर त्याला दोन ओळी फोनवरच धाडाव्या लागतात.

आमच्या वर्गात दर खेपेला कोणीतरी विचारतेच, "बाई, मोठा काचेचा फोन घेऊ का? का आपला बटणांचाच बरा?" आम्ही लगेच उत्तर देत नाही. उलट विचारतो, "तुम्हाला त्यावर काय लिहायचंय? आणि कोणत्या अक्षरांत?" हे एकदा ठरले की निम्मे काम झाले. फोन निवडायचा तो शेजाऱ्याकडे आहे म्हणून नाही. आपल्या कामाला आणि आपल्या बोटांना जो जमेल तो निवडायचा. आज आपण हेच नीट समजून घेऊ.

१. बटण कसे चालते? काच कशी चालते?

बटणाच्या खाली एक लहानशी लवचिक टोपी असते. बटण दाबले की ती टोपी खाली वाकते. तारेची दोन टोके एकमेकांना टेकतात. वीज वाहते आणि फोनला कळते की ही कळ दाबली. बोट काढले की टोपी पुन्हा वर येते. म्हणून बटण दाबल्याचे बोटाला कळते. बटणाला बोट ओले असले तरी चालते, हातमोजा असला तरी चालते. नखाने दाबा, काडीने दाबा, काम होते.

५ या आकड्याच्या बटणावर हात फिरवून पाहा. बहुतेक फोनांत तिथे एक बारीक उंचवटा असतो. तो चाचपला की बाकीची बटणे न बघता सापडतात. ज्यांना कमी दिसते, त्यांना या उंचवट्याचा मोठा आधार आहे.

काचेचे तसे नाही. काचेखाली अगदी थोडी वीज खेळवलेली असते. आपल्या शरीरातूनही वीज जाऊ शकते. बोट काचेला टेकले की त्या जागी विजेत थोडा फरक पडतो. फोन तो फरक मोजतो आणि बोट कुठे टेकले ते ओळखतो. म्हणून काच दाबावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. पण पाण्यातूनही वीज जाते. त्यामुळे ओल्या हाताने लिहू गेलात, तर फोन गोंधळतो. कामाने घट्टे पडलेले, कोरडे बोट काही वेळा काचेला चटकन ओळखू येत नाही. तेव्हा फोन बिघडला असे समजू नका. हात धुवा, कोरडे करा, आणि बोटाच्या टोकाऐवजी बोटाचा मऊ भाग टेकवा.

२. मराठी अक्षरे बटणांवर कशी बसवली?

इंग्रजीत अक्षरे २६. आपल्याकडे स्वर वेगळे, व्यंजने वेगळी, शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरे. एवढा पसारा थोड्या बटणांवर बसवायचा कसा, हा प्रश्न फोनच्या आधीचाच आहे. टंकयंत्र बनवणाऱ्यांनाही तो पडला होता. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टंकयंत्र बनवले. टंकयंत्रावर एकदा अक्षर कोरले की ते तिथेच राहते. कळ बदलता येत नाही.

पुढे संगणक आला. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी कळांची एक मांडणी ठरवली. तिचे नाव इनस्क्रिप्ट. ही मांडणी हुशारीने केलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. नुसती कळ दाबली की क, आणि शिफ्टची कळ धरून दाबली की ख. मराठीत क जिथे आहे, तिथेच तो गुजरातीत आणि कानडीत आहे. म्हणजे एक भाषा टंकायला शिकले की दुसरीचा हात बसलेलाच असतो.

या कामाचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. खडकीला लागून गणेशखिंड आहे. तिथे पुणे विद्यापीठाचे आवार आहे. सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली आणि तिचे काम अनेक वर्षे याच आवारातून चालले. संगणकावर भारतीय अक्षरे उमटवण्याच्या कामात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

आता बटणांच्या फोनकडे वळू. त्यावर आकड्यांची बटणे दहा. एका बटणावर चार-पाच अक्षरे बसवावी लागतात. समजा, एका बटणावर क, ख, ग, घ आहेत आणि दुसऱ्यावर ट, ठ, ड, ढ आहेत. मग 'खडकी' लिहायचे कसे? ख साठी दोनदा दाबा. ड साठी तीनदा. क साठी एकदा. तीन अक्षरांना सहा दाब झाले, आणि वेलांटीचे दाब वेगळेच. एक शब्द लिहिता लिहिता घाम येतो. म्हणून बटणांच्या फोनवर लोक बोलतात फार आणि लिहितात थोडे.

३. पूर्ण कळफलकाचे फोन कुठे गेले?

मध्यंतरी असे फोन होते की ज्यांच्या अर्ध्या अंगावर इंग्रजीची सगळी बारीक बटणे असत. ब्लॅकबेरी हे त्यातले प्रसिद्ध नाव. साहेबलोक दोन अंगठ्यांनी त्यावर भराभर पत्रे लिहीत. २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन आला. त्याला लिहिण्याची बटणेच नव्हती. लिहायचे असेल तेव्हा काचेवर कळांचे चित्र उमटे, आणि लिहून झाले की नाहीसे होई.

पुष्कळांना वाटले, असल्या गुळगुळीत काचेवर कोण लिहिणार? पण काचच जिंकली. ब्लॅकबेरी कंपनीने २०१६ साली स्वतः फोन बनवणे थांबवले, आणि तिच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. आपल्याकडे २०१८ साली जिओफोन २ नावाचा पूर्ण कळफलकाचा स्वस्त फोन आला होता. त्याची किंमत २,९९९ रुपये होती. पण तशा फोनांची रीत काही पडली नाही.

काच का जिंकली? एक कारण असे की खरी बटणे जागा अडवतात. चित्र पाहायचे असो की हिशेब, ती तिथेच बसलेली. दुसरे कारण आपल्या दृष्टीने मोठे आहे. कोरलेले अक्षर बदलत नाही, पण काचेवरचे अक्षर बदलते. सकाळी मराठी, दुपारी हिंदी, संध्याकाळी इंग्रजी. ज्यांची लिपी इंग्रजी नाही, त्यांच्या अक्षरांना काचेवर प्रथमच ऐसपैस जागा मिळाली.

सरकारनेही याकडे लक्ष दिले. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली फोनसाठी एक मानक काढले. त्याचा क्रमांक आयएस १६३३३, भाग ३. त्यात असे ठरले की फोनवर २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी निदान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. ही "आणखी एक भाषा" मराठी आहे की दुसरी, ते मात्र फोन घेणाऱ्याने पाहून घ्यायचे.

४. काचेवर मराठी लिहिण्याच्या चार वाटा

पहिली वाट, देवनागरी कळफलक. इथे क, ख, ग सरळ दिसतात. पाटीवर जी अक्षरे गिरवली तीच काचेवर. नव्याने शिकलेल्या माणसाने याच वाटेने जावे, असे आम्ही सांगतो. मुंबईच्या आयआयटीतील लोकांनी २०१३ साली स्वरचक्र नावाचा कळफलक केला. त्यात क वर बोट ठेवले की भोवती चाक उमटते, आणि चाकावर का, कि, की, कु, कू. हवे त्याकडे बोट सरकवायचे. म्हणजे आपली बाराखडीच, फक्त गोल मांडलेली!

दुसरी वाट, इंग्रजी अक्षरांतून मराठी. शिकलेली मुले हिचा फार वापर करतात. इंग्रजी सहा अक्षरे टंकली की फोन 'खडकी' असे लिहून देतो. पण यात एक अडचण आहे. इंग्रजीत द आणि ड यांना एकच अक्षर. ल आणि ळ यांनाही एकच. न आणि ण यांचेही तसेच. मग फोन तीन-चार शब्द पुढे करतो आणि आपण त्यातला बरोबर निवडायचा. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला या वाटेसाठी आधी दुसरी लिपी शिकावी लागेल. मराठी लिहिण्यासाठी इंग्रजी कशाला? म्हणून मुलाने फोनवर ही सोय लावून दिली असेल, तर त्याला सांगा, "बाळा, मला देवनागरी लावून दे."

तिसरी वाट, बोटाने गिरवणे. काही कळफलकांत काचेवर बोटाने अक्षर काढले की फोन ते ओळखतो. हे हळू चालते, पण अक्षराचा सराव छान होतो.

चौथी वाट, बोलून लिहिणे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत ही सोय आणली. आपण बोलायचे, फोन लिहितो. हाताने अधू असलेल्यांना हिचा फार उपयोग आहे. खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेले सैनिक तिथे राहतात. अशी इजा मानेजवळ झाली, तर बोटेही नीट चालत नाहीत. बोट वळत नसेल, तर बटण काय आणि काच काय, दोन्ही सारखीच. तिथे आवाज हाच हात होतो.

आता कोणी म्हणेल, "मग आम्ही लिहायला शिकायचंच कशाला? बोललं की झालं!" थांबा. बाजारातल्या गलक्यात फोन भलतेच ऐकतो. आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे शेवटी वाचूनच कळते. समजा, तुम्हाला लिहायचे होते, "पाहुणा घरी काल आला." लिहिले गेले, "घरी काळ आला." एका अक्षराने केवढा घोटाळा! ज्याला ल आणि ळ यांतला फरक वाचता येतो, तोच ही चूक पकडतो. म्हणून बोलून लिहा, पण वाचून धाडा. आणि बँकेचा गुप्त आकडा कधीही मोठ्याने बोलू नका.

५. वेग कोणाचा जास्त?

२०१९ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ आणि इतर संशोधकांनी ३७,००० लोकांचे फोनवरचे इंग्रजी लिखाण मोजले. मिनिटाला सरासरी ३६ शब्द निघाले. त्याआधी मोठ्या, खऱ्या कळफलकावरच्या लोकांचेही असेच मोजले होते. तिथे सरासरी ५२ शब्द होती. म्हणजे मोठा कळफलक अजून पुढे आहे. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. फोन आपण होऊन चूक दुरुस्त करतो, त्याने वेग वाढतो. पण वर दाखवलेल्या शब्दांतून शब्द शोधत बसले, तर वेग कमी होतो.

आपल्याला याचा बोध काय? दोन ओळींच्या निरोपाला काच पुरते. पण ज्या मुलीला सरकारी टंकलेखनाची परीक्षा द्यायची आहे, जिथे मराठीत मिनिटाला ३० किंवा ४० शब्द मागतात, तिने फोनवरच्या वेगावर विसंबू नये. तिने वर्गात जाऊन संगणकाच्या कळफलकावर दहा बोटांचा सराव करावा. घरी स्मार्टफोन असेल, तर बहुतेक फोनांना वेगळा कळफलक तारेने किंवा बिनतारी जोडता येतो. मात्र त्यावर देवनागरी उमटते का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

६. मग कोणी कोणता घ्यावा?

वयस्कर आजोबा आहेत. हात कापतो, नजर कमी आहे. फोन फक्त घ्यायचा आणि करायचा. त्यांना मोठ्या बटणांचा फोन चांगला. विजेची बचत होते, पडला तरी सहसा फुटत नाही. पैसे पाठवण्याची गरज पडली, तर साध्या फोनसाठीही ८ मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे.

घरकाम करणारी ताई आहे. तिला मुलाच्या शाळेचे निरोप वाचायचे आहेत, उत्तर धाडायचे आहे. तिने साधासा पण काचेचा फोन घ्यावा, आणि त्यात देवनागरी कळफलक लावून घ्यावा. अक्षरे मोठी करण्याची सोय असते, तीही करून घ्यावी.

कारखान्यात काम करणारा भाऊ आहे. संरक्षणाच्या कामाच्या ठिकाणी फोनबद्दल कडक नियम असू शकतात. फोन आत नेता येतो का, कोणता नेता येतो, हे त्याने खरेदीच्या आधी विचारावे.

साधा निरोप म्हणजे एसएमएस धाडणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. इंग्रजी अक्षरांत एका निरोपात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ७० मावतात, आणि काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. 'खडकी' म्हणजे तीन नाही, चार. निरोप लांबला की तो दोन निरोप धरला जातो. म्हणून नेमके लिहा.

७. दुकानात काय पाहाल?

दुकानदार म्हणेल, "हा घ्या, फोटो फार सुंदर येतात." तुम्ही म्हणा, "आधी मला यावर लिहून पाहू द्या." मग हे पाच शब्द लिहा : खडकी, बाळ, दुसऱ्या, कृष्णा, ज्ञान. यांत ळ आहे, अर्धा ऱ् आहे, कृ आणि ज्ञ आहे. एवढे नीट उमटले, तर तुमचे बाकीचे मराठीही उमटेल.

फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबा. १५ आकडे दिसतील. तो फोनचा ओळख क्रमांक. त्याला आयएमईआय म्हणतात. हाच क्रमांक पावतीवर लिहून घ्या. जुना फोन घेत असाल, तर इंग्रजी केवायएम ही तीन अक्षरे, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा निरोप १४४२२ ला धाडा. तो क्रमांक खरा आहे की काळ्या यादीतला, हे कळते. फोन हरवला तर याच क्रमांकावरून तो बंद करता येतो. त्यासाठी सरकारने २०२३ साली संचार साथी ही सोय केली.

जिओचे कार्ड असेल, तर फोन निदान ४जी हवा. नाहीतर कार्ड चालणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. दुकानदाराला फोन लावून देऊ द्या, पण गुप्त आकडा तुम्ही स्वतः घाला. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याच्या कागदावर काय लिहिले आहे, ते दुसराच सांगत असे. आता फोनचे तसे होऊ देऊ नका. आपले अक्षर, आपला आकडा, आपल्याच बोटाने. तरीही कोणी फसवून पैसे काढले, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल, तितके पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

ध्यानात ठेवा

• आधी काम ठरवा, मग फोन ठरवा.
• बोलण्यापुरते काम असेल, तर बटणे चांगली. मराठीत लिहायचे असेल, तर काच चांगली.
• देवनागरी कळफलक मागून घ्या.
• बोलून लिहा, वाचून धाडा.
• पैसे मिळण्यासाठी गुप्त आकडा कधीच घालावा लागत नाही. कोणी मागितला तर तो ठक समजा.

प्रश्न

१. ओल्या हाताने काचेवर नीट का लिहिता येत नाही?
२. ५ च्या बटणावर उंचवटा कशासाठी असतो?
३. इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर कोणत्या हाताला असतात?
४. पावतीवर कोणता क्रमांक लिहून घ्यावा? तो किती आकडी असतो?
५. तुमच्या घरी कोणाला बटणांचा फोन बरा आणि कोणाला काचेचा? का?

करून पाहा

घरातील किंवा शेजारचा फोन घ्या. हा निरोप त्यावर देवनागरीत लिहा : "आज कामावरून उशिरा येईन. दळण आणून ठेव. बाळाला औषध दे." किती मिनिटे लागली ते पाटीवर मांडा. रोज एकदा हाच निरोप लिहा. आठ दिवसांनी पुन्हा वेळ मोजा. मग निरोप वर्गातल्या सोबत्याला धाडा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. एकही काना-मात्रा चुकली नसेल, तर पुढच्या पाठाला चला.